एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर: सॅटर्न, प्लेस्टेशन की नवं कलेक्शन?

तिरका_पुढे (धागाकर्ता)

या गेमच्या घरगुती आवृत्त्यांचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं: ‘सॅटर्नची भारी, प्लेस्टेशनची टाकाऊ.’ वाक्य बरंचसं खरं आहे, पण का ते कोणी सांगत नाही. आणि आज विकत घ्यायची झाली तर कोणती घ्यावी, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून हा धागा.

मूळ गेम कॅपकॉमचा, मारामारीचा, १९९६ चा, सीपीएस-२ या आर्केड मशीनच्या बोर्डवरचा. प्रत्येकाकडे दोन कॅरेक्टर. हेवी पंच आणि हेवी किक एकदम दाबलं की भिडू उडी मारून आत येतो, आधीचा बाहेर. हाच टॅग. बाहेर बसलेल्याच्या पट्टीतला लाल भाग हळूहळू भरून येतो. सगळा डाव या एका गोष्टीवर उभा आहे.

सेगाच्या सॅटर्नची आवृत्ती नोव्हेंबर १९९७ मध्ये आली, फक्त जपानमध्ये आणि ४ एमबी रॅम कार्ट्रिजसह. कार्ट नसेल तर गेम पुढे सरकतच नाही, १ एमबीचं कार्ट लावूनही नाही. त्यात टॅग आहे, तोही आर्केडसारखा, मध्ये लोडिंग न येता.

प्लेस्टेशनची आवृत्ती १९९८ ची. जपानमध्ये तिला ‘ईएक्स एडिशन’ म्हणतात, आणि ती अमेरिकेत व युरोपातही निघाली. तिच्यात नेहमीच्या खेळात टॅग नाही. निवडताना दोन कॅरेक्टर निवडता, पण लढतो एकच. दुसरा फक्त व्हेरिएबल काउंटर (मार अडवून भिडूकरवी उलट मारा) किंवा दोघांच्या एकत्रित सुपरपुरता (पट्टी खर्चून मारायच्या मोठ्या हल्ल्यापुरता) येतो आणि जातो. सामना राउंडवर चालतो, साध्या स्ट्रीट फायटरसारखा.

बाकी प्रतिसादांत भर घाला. फक्त ‘लहानपणी खेळायचो’ एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी दुसरे धागे आहेत.

---

कलई_सोल्डर

‘का’ याचं उत्तर मेमरीत आहे. आकडे टाकतो.

आर्केड बोर्डवर या गेमच्या नुसत्या ग्राफिक्सची रॉम ३२ एमबी. बोर्ड ती थेट वाचतो, त्यामुळे लोडिंग नावाचा प्रकारच नाही. कॅरेक्टर १७, शिवाय शेवटचा खलनायक अपोकॅलिप्स, स्टेज, आणि ठिणग्या-किरणं वगैरे. ढोबळ भागाकार केला तर एका कॅरेक्टरच्या वाट्याला दीडेक एमबी. सामन्यात चार वेगवेगळी कॅरेक्टर असतील तर सहा एमबी, आणि चौघंही कुठल्याही क्षणी तयार हवेत.

प्लेस्टेशन: मुख्य रॅम २ एमबी, व्हिडिओ रॅम १ एमबी. व्हिडिओ रॅममधूनच पडद्याचे दोन फ्रेम बफर (पूर्ण चित्र साठवायच्या जागा) जातात. ३२० × २४० धरलं तर एक १५० केबी, दोन मिळून ३०० केबी. उरले ७२४ केबी, त्यात स्टेज, लाइफच्या पट्ट्या, ठिणग्या आणि कॅरेक्टर. मुख्य रॅममध्ये गेमचा प्रोग्रॅमही राहतो. चार जण बसणारच नाहीत. दोन बसतात, तेही हालचालीच्या फ्रेम छाटून. टॅगच्या वेळी सीडीवरून वाचायचं म्हटलं तर ड्राइव्हचा वेग सेकंदाला ३०० केबी, म्हणजे भिडू येईपर्यंत समोरचा चहा पिऊन येईल.

सॅटर्न: मुख्य रॅम २ एमबी, कार्टचे ४, एकूण ६ एमबी. इथे एक गैरसमज आहे. कार्टमुळे सॅटर्नची चित्र काढायची ताकद वाढत नाही. स्प्राइट, म्हणजे कॅरेक्टरची हलती चित्रं, काढणाऱ्या व्हीडीपी-१ चिपला स्वतःची ५१२ केबीच व्हिडिओ रॅम आहे आणि ती तेवढीच राहते. कार्ट म्हणजे ओट्याशेजारचं फडताळ. पुढच्या फ्रेमला लागणारी चित्रं तिथून उचलून व्हीडीपी-१ च्या रॅममध्ये टाकायची, काम झालं की दुसरी. सीडीपर्यंत जावं लागत नाही, एवढाच फायदा. पण या गेमला नेमकं तेवढंच हवं होतं.

दुसरी जमेची बाजू: सॅटर्नमध्ये पार्श्वभूमीसाठी वेगळी चिप आहे, व्हीडीपी-२, तिची रॅमही वेगळी. स्टेजचे थर तिच्यावर सोपवले की व्हीडीपी-१ फक्त कॅरेक्टरसाठी मोकळी. प्लेस्टेशनमध्ये पार्श्वभूमी आणि कॅरेक्टर एकाच चिपच्या आणि एकाच १ एमबीच्या जिवावर.

---

हेवी_किक

+१. ‘सॅटर्न टूडीत भारी, प्लेस्टेशन थ्रीडीत’ हे पालुपद ऐकून कंटाळा आला होता. निदान कोणीतरी केबीत बोललं.

---

जुनं_पार्लर

प्लेस्टेशनची बाजू कोणीच घेत नाही, मी घेतो.

टॅग नाही हे खरं. पण मूव्ह, साखळी कॉम्बो, लाँचर (समोरच्याला हवेत उडवणारा फटका) मारून सुपर जंप आणि हवेतला मारा, हे सगळं त्यात आहे. एकट्याने सराव करायला, कोणत्या कॅरेक्टरची उडी कशी पडते हे समजायला पुरेसं आहे. डिस्क सॅटर्नच्या मानाने स्वस्त मिळते, कार्टची भानगड नाही, पीएस-२ वरही चालते. आणि एक क्रॉसओव्हर मोड आहे. त्यात माझा भिडू म्हणजे तुमचा मुख्य कॅरेक्टर आणि तुमचा भिडू म्हणजे माझा. म्हणजे मैदानात आणि बाहेर मिळून वेगळी कॅरेक्टर दोनच, मेमरीत दोनच संच, त्यामुळे तिथे टॅग चालतो. वरच्या हिशोबाला हा मोडच पुरावा आहे.

---

तिरका_पुढे

क्रॉसओव्हरचा मुद्दा मान्य, हुशारीची पळवाट आहे. पण ‘टॅग सोडून सगळं आहे’ याला मात्र हरकत. टॅग गेला की त्याच्याबरोबर काय काय जातं ते बघा.

पहिलं, लाल पट्टी. आर्केडमध्ये मार खाल्लेल्याला बाहेर काढून सावरायला वेळ देता येतो, म्हणून समोरचा घाईने अंगावर येतो. इथे राउंड संपेपर्यंत जे गेलं ते गेलं, त्यामुळे खेळ सावध होतो.

दुसरं, आत येणाऱ्याचा धोका. टॅग करून येणारा लाथ मारत उतरतो, मग क्षणभर मोकळा सापडतो. टॅग कधी करायचा याचा अर्धा विचार त्या क्षणाचा असतो. प्लेस्टेशनवर तो विचारच नाही.

तिसरं, जोडीची निवड. मॅग्नेटोबरोबर कोण, याचं उत्तर आर्केडमध्ये ‘कोण त्याला सावरायला वेळ काढून देईल’ असं असतं. प्लेस्टेशनवर ‘कोणाचा काउंटर चांगला’ एवढंच.

वर फ्रेम छाटलेल्या. दोन्ही शेजारी लावून नुसतं उभं राहणं आणि चालणं बघा, प्लेस्टेशनवर हालचाल टप्प्याटप्प्याने होते. सुपर सुरू झाली की वेगही मंदावतो. कॉम्बोची वेळ बोटांत बसवायची तर हे घातक. प्लेस्टेशनवर सराव करून आर्केड स्टिकवर गेलात तर कॉम्बोतले फटके वेळेच्या आधी किंवा नंतर पडतात. म्हणजे मूव्ह लक्षात ठेवायला चालेल, हात बसवायला नाही.

अवांतर: अपोकॅलिप्स पडल्यावर स्वतःच्या भिडूशीच लढायला लावतात. एवढी जोडी जमवल्यावर हा दुष्टपणा कॅपकॉमलाच सुचू जाणे.

---

पिक्सेल_मोजणी

सॅटर्नला डोक्यावर घेण्याआधी: तीही हुबेहूब नाही.

सीपीएस-२ चं चित्र ३८४ × २२४. सॅटर्नला आडवे ३२० किंवा ३५२ पिक्सेल जमतात, ३८४ नाही. प्लेस्टेशनला २५६, ३२०, ३६८, ५१२ किंवा ६४०. म्हणजे दोघांकडेही मूळ रुंदी नाहीच. मूळ आकाराचे स्प्राइट ठेवले तर पडद्यावर कडेचा भाग कमी दिसतो. बोर्ड सेकंदाला साधारण ५९.६ फ्रेम काढतो, घरचं मशीन एनटीएससी या जपान-अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीच्या ठेक्यावर. तो फरक हाताला कळत नाही.

आणि ३८४ × २२४ हे चौकोनी पिक्सेल नव्हेत. ४:३ च्या ट्यूबवर ते उभट दिसायचे. एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘पिक्सेल परफेक्ट’ चालू केलं की झँगिफ हा पैलवान आडवा फुगतो, आणि लोक पोर्टला, म्हणजे घरगुती आवृत्तीला, नावं ठेवतात. आधी ४:३ करा, मग तुलना करा.

---

नवा_भिडू

उपयुक्त धागा, वाचनखूण साठवली आहे. प्रश्न: जपानी सॅटर्न, गेम आणि ४ एमबी कार्ट असा संच मागवायचा विचार आहे. पुण्यात चालेल ना? अडॅप्टर लावला की झालं?

---

कलई_सोल्डर

थांबा, नुसता पिन बदलायचा अडॅप्टर लावू नका! जपानी सॅटर्नचा पॉवर सप्लाय आत असतो आणि १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टमध्ये खोचलात तर चालू करताक्षणी उडेल. बरं असेल तर फक्त फ्यूज, नाहीतर सप्लायच.

काय करायचं ते क्रमाने:

स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, २३० वरून १००, तांब्याच्या वेटोळ्याचा, जड असतो तो. १०० व्हीए भरपूर झाला. प्रवासात हेअर ड्रायरसाठी विकतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर घेऊ नका, त्यांचा आउटपुट स्वच्छ नसतो. दुकानदार ११० चा पुढे करेल, ‘चालतंय की’ म्हणेल. चालतं, पण दहा टक्के जास्त व्होल्टेज जुन्या कपॅसिटरवर कशाला? १०० चं टॅपिंग मागा, ऑर्डर दिली तर वळून देतात.

मशीन आलं की मागचं झाकण काढून सीआर-२०३२ सेल बदला. तो संपला की दर वेळी तारीख आणि भाषा विचारतं आणि आतले सेव्ह जातात. दहा सेकंदांचं काम आहे, पण जुना सेल काढल्याबरोबर सेव्हही जातात हे लक्षात असू द्या.

मग कार्टचा स्लॉट. सॅटर्नचं खरं दुखणं हेच. कार्ट लावूनही गेम ‘कार्ट लावा’ म्हणत असेल, किंवा कॅरेक्टरच्या जागी चौकटींचा कचरा दिसत असेल, तर कार्ट मेलं असं लगेच समजू नका. मशीन बंद, प्लग बाहेर. कार्टच्या सोनेरी पट्ट्यांवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवा, काळं निघणं थांबेपर्यंत. स्लॉटमध्ये कापूस कोंबू नका, तंतू अडकतात. स्वच्छ केलेलं कार्टच अल्कोहोल ओलं असताना चार-पाच वेळा आत-बाहेर करा, दहा मिनिटं सुकू द्या. शेवटी कार्ट सरळ, पूर्ण खाली दाबून लावा. अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी रुसतं. चालू मशीनमध्ये कार्ट काढायचं-लावायचं नाही, कधीच नाही.

रॅम कार्ट सॅटर्नच्या मेमरी मॅनेजरमध्ये दिसत नाही. तिथे फक्त बॅकअप कार्ट दिसतं. ‘दिसत नाही म्हणजे खराब’ असं म्हणून परत पाठवू नका.

---

पन्नास_हर्ट्झ

जपानी मशीनऐवजी पाल, म्हणजे युरोपातल्या ५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचा, सॅटर्न स्वस्तात मिळाला तर? २३० व्होल्टचा प्रश्न मिटतो, दुसरा सुरू होतो.

पाल सॅटर्न जपानी डिस्क नाकारतो, ‘डिस्क या सिस्टिमसाठी योग्य नाही’ असा संदेश येतो. त्यावर ॲक्शन रिप्ले ४एम प्लस कार्ट चालतं: एकाच कार्टमध्ये रीजन बायपास (परदेशी डिस्क चालू देणारी सोय), १ आणि ४ एमबी रॅम, आणि बॅकअप. एकच स्लॉट असल्यामुळे एकत्र असलेलं बरंच. पण त्याच्या बॅकअपवर विसंबू नका, डेटा बिघडण्याबद्दल ते बदनाम आहे. सेव्ह मशीनच्या आतल्या मेमरीत ठेवा. जाणकार त्यात स्यूडो सॅटर्न काई नावाचं मोफत फर्मवेअर टाकून घेतात. नवीन घेत असाल तर ते टाकलेलंच घ्या.

एवढं करूनही पाल मशीन ५० हर्ट्झवर चालतं. ६० च्या गेमला ५० म्हणजे सतरा टक्के हळू. संगीत, उड्या, सगळं पाण्यात चालल्यासारखं, वर-खाली काळे पट्टे. आत ५०/६० चा स्विच बसवावा लागतो. सोल्डरिंग येत नसेल तर जपानी मशीन आणि ट्रान्सफॉर्मर हाच मार्ग. प्लेस्टेशनची युरोपातली डिस्क घेणाऱ्यांनाही हेच लागू: अमेरिकन किंवा जपानी आवृत्ती शोधा.

टीव्हीचं म्हणाल तर आपल्याकडचे शेवटच्या काळातले बहुतेक ट्यूबवाले टीव्ही एनटीएससी ओळखतात. एलसीडी टीव्ही मात्र २४० ओळींचं चित्र ४८० इंटरलेस समजून घोळ घालतो, वर उशीर. मध्ये ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा लाइन डब्लर हवा. त्याचा खर्च धरून बजेट करा, नाहीतर सॅटर्न आणून कोपऱ्यात पडेल.

---

जुनं_पार्लर

आणि पॅड! सॅटर्नच्या पॅडवर समोर सहा बटणं, वर तीन पंच, खाली तीन किक, जशी पॅनलवर असतात तशी. प्लेस्टेशनवर समोर चारच, उरलेली दोन खांद्यावर. हेवी पंच आणि हेवी किक एकदम दाबायचं म्हणजे अंगठ्याचं काम तर्जनीवर. ऑप्शनमध्ये दोन्ही हेवी एकाच बाजूच्या खांद्यावर घेतलीत तर बरं पडतं. प्लेस्टेशनची बाजू घेणारा मीच, पण इथे सॅटर्नला तोड नाही.

---

रोलबॅक_राव

सगळं वाचलं. आता ज्यांना ट्रान्सफॉर्मर वळवून घ्यायचा नाही, फक्त खेळायचं आहे त्यांच्यासाठी: १२ सप्टेंबर २०२४ ला आलेलं मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन घ्या. पीएस-४, स्विच, पीसी, आणि नंतर एक्सबॉक्स. आत सात गेम: चिल्ड्रन ऑफ द ॲटम, मार्व्हल सुपर हीरोज, एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर, मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर, मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम एक आणि दोन, आणि मारामारीचा पनिशर. हे पोर्ट नव्हेत, आर्केडच्याच आवृत्त्या आहेत. त्यामुळे टॅगही आहे, फ्रेमही पूर्ण, लोडिंगचा जाच नाही. ट्रेनिंगमध्ये हिटबॉक्स (फटका कुठे लागतो त्या चौकटी) दिसतात. ऑनलाइन रोलबॅक आहे, म्हणजे समोरच्याची चाल आधी अंदाजाने दाखवून मग दुरुस्त करणारी पद्धत.

दोन गोष्टी सांभाळा. क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळणं) नाही, म्हणून मित्रांनी आधी ठरवा कोणत्या मशीनवर घ्यायचं. एकाने स्विचवर आणि एकाने स्टीमवर घेतलं तर दोघंही एकटेच. आणि वायफायवर खेळू नका. रोलबॅक उशीर झाकतो, पण उशीर दर क्षणी बदलत असेल तर कॅरेक्टर जागच्या जागी उड्या मारतात. लॅनची वायर ओढा.

टीव्हीवर गेम मोड चालू, चित्र ‘सुधारणारे’ बाकीचे पर्याय बंद. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

---

पिक्सेल_मोजणी

सहमत. फिल्टर लावताना ४:३ च ठेवा. ताणून पूर्ण पडदा भरू नका, वर काय लिहिलंय ते झँगिफला स्मरून वाचा.

एम्युलेटरवर सॅटर्नची आवृत्ती बघायची असेल तर मेडनाफेन या एम्युलेटरमध्ये कार्ट ऑटोवर ठेवा, या गेमला तो ओळखतो. ऑटो बदलून ठेवलं असेल तर ४ एमबी रॅम हाताने निवडा. बॅकअप कार्ट निवडलेलं राहिलं की तोच ‘कार्ट लावा’ पडदा येतो, आणि लोक डिस्क इमेजला दोष देतात.

---

हेवी_किक

मूळ बोर्ड घ्यावा का? कोणी बोलत नाही त्याबद्दल.

---

कलई_सोल्डर

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. सीपीएस-२ म्हणजे दोन डबे, ए आणि बी. बी बोर्डात ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, आणि प्रोग्रॅम उलगडायच्या किल्ल्या तिच्या जोरावर टिकतात. बॅटरी गेली की बोर्ड कोरा पडदा दाखवतो. त्यालाच सुसाइड बॅटरी म्हणतात. आता किल्ल्या परत भरता येतात, छोटं मायक्रोकंट्रोलरचं किट लागतं, म्हणून ‘मेलेला’ बोर्ड स्वस्तात मिळाला तर सोडू नका. विकणारा ‘चालू आहे’ म्हणाला तर बॅटरी कधी बदलली ते विचारा. उत्तर नसेल तर ती मूळची समजा.

डब्याच्या रंगावरून प्रदेश कळतो: हिरवा जपान, निळा अमेरिका-युरोप, करडा आशिया, नारिंगी हिस्पॅनिक. ए आणि बी वेगवेगळ्या रंगांचे गळ्यात मारतात, आधी फोटो मागा. आणि जामा हार्नेसवर (आर्केड बोर्ड मशीनला जोडायच्या ठरलेल्या वायरिंगवर) तीनच बटणं येतात. किकसाठी ३४ पिनांची वेगळी केबल लागते. ती नसली तर सगळे नुसते ठोसे मारतात.

---

नवा_भिडू

सगळ्यांचे आभार. एक राहिलं: हेच सॅटर्न-प्लेस्टेशनचं गणित पुढच्या गेमनाही लागू होतं का? आणि ४ एमबी कार्ट घेतलं तर ते एकाच गेमपुरतं पडून राहील का?

---

तिरका_पुढे

लागू होतं. मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर सॅटर्नवर १९९८ मध्ये, टॅगसह, ४ एमबी कार्टवर. प्लेस्टेशनवर टॅगशिवाय. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम सॅटर्नवर आलाच नाही. तो ड्रीमकास्टवर घ्या, १६ एमबी रॅम असल्यामुळे कार्टची गरजच उरली नाही. प्लेस्टेशनवर पुन्हा तेच, टॅग गायब. उलट स्ट्रीट फायटर झीरो ३ प्लेस्टेशनवर चांगला जमला आहे, कारण त्यात समोरासमोर दोघंच. तिथे सॅटर्नसाठी जादा पैसे मोजायलाच हवेत असं नाही.

कार्ट पडून राहणार नाही. सॅटर्नवरचे व्हँपायर सेव्हिअर, झीरो ३ आणि फायनल फाइट रिव्हेंज यांनाही तेच ४ एमबी लागतं. एसएनकेचे किंग ऑफ फायटर्स ९६ आणि ९७ मात्र १ एमबीवाले. ते घ्यायचे असतील तर दोन्ही क्षमता देणारं कार्ट घ्या आणि विकणाऱ्याकडून त्यातला एखादा गेम चालू असलेला व्हिडिओ मागून घ्या. नुसता मेनू दाखवला तर पैसे पाठवू नका.